पालथ्या ड्रायव्हरचा साष्टांग नमस्कार

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. (हा रिवाज म्हणून लिहिलेला नाही. तीन दिवस मी पालथाच आहे. कपाळ, छाती, गुडघे सगळं गादीला टेकलेलं आहे.) तुझी कंबर कशी आहे? दिवसभर उभं राहून लोकांच्या हजामती करणाऱ्याची कंबर दुखणारच. वहिनीचा खोकला थांबला का?

तीन वर्षं अबोला आणि आता एकदम बुडाची कथा, म्हणून पत्र फाडू नकोस. दुकान सोडून मी बसवर लागलो तेव्हा तू म्हणाला होतास, "तुझं बूड कुठेच टिकायचं नाही." काळजिभ्या आहेस तू. आठ-आठ तास सीटवर घासून माकडहाडापाशी गाठ आली, फुटली, पुन्हा आली. उशी घेऊन गाडी चालवायचो. (कंडक्टरला वाटलं मूळव्याध. मी वाटू दिलं, निदान ऐकलेला तरी रोग.) शेवटी डॉक्टरीणबाईंनी बघून सांगितलं, कातडीत केस घुसलेत आणि त्यांनी आत बीळ केलंय. आता कलिंगडासारखी फोड काढणार म्हणून मी घाबरलो. पण बाईंनी थोडं गुंगीचं औषध दिलं, तेवढीच जागा बधिर केली, बारीक भोकातून दुर्बीण घालून केस उपसले, बीळ आतून शेकलं आणि दुपारी घरी पाठवलं. हिंडायला मोकळीक आहे, फक्त बसायची नि उताणं निजायची चोरी.

त्या अर्ध्या तासात मी मात्र तिथे नव्हतोच. खाली पांढरी फरशी दिसत होती, तिच्यावर हळूहळू केस पडायला लागले. आपल्या दुकानातले. तू गुणगुणत कात्री चालवतोयस, मी लहान आहे, झाडतोय, आणि केस संपतच नाहीत. ते दारातून रस्त्यावर गेले, माझ्या बसच्या काचेवर अलगद उतरले. मी वायपर लावला. गाडीत एकच प्रवासी, तू. कुठे उतरायचं म्हणून विचारलं, तर म्हणालास, "तू नेशील तिथे." मग मी बराच वेळ गाडी चालवली, एकही थांबा न घेता. बाईंनी विचारलं, दुखतंय का? डोळ्यांत पाणी होतं, म्हणून हो म्हणालो. त्यांनी उगाच आणखी एक सुई टोचली.

बाकी क्षेम. मला तुझी फार आठवण येते.

तुझा धाकटा

ता. क. बाई म्हणतात, तिथले केस वाढू दिले तर दुखणं उलटेल. दर पंधरा दिवसांनी काढायला हवेत. माझा हात पोचतो, नजर पोचत नाही. वस्तऱ्याच्या बाबतीत मी परक्यावर विश्वास टाकत नाही. तेव्हा रविवारी दुकान बंद ठेवून येशील का?

आणखी ता. क. खरं सांगतो, दवाखान्यातला ड्रेसर ते काम पाच मिनिटांत करतो, आणि त्याचा हात तुझ्याहून हलका आहे. तरी तू ये. वस्तरा विसरलास तरी चालेल.