पहिल्या हाकेची ओ

१८ नोव्हेंबर, मंगळवार
गौरीनं आजपण ओ दिली न्हाई. भाकरी तव्यावरनं काढून तीनदा हाक मारली. मग आपली आपण आली, जेवली, ताट घासलं, खोलीत जाऊन दार लावलं. समोर जाऊन काय विचारलं तर एखादा शब्द बोलती. पण नाव घेऊन हाक मारली की मुकी. पंधरा वर्षाची नात माझी. घसा ठीक हाय, डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलाय.
सूनबाई म्हणती, "आई, वय असतं ते."
म्हणलं, वय मलाबी हाय.

२० नोव्हेंबर, गुरुवार
शाळेतनं फोन. बाई हजेरी घेत्यात, गौ. "हजर" म्हणत न्हाई. समोर बाकावर बसलेली दिसती, तरी बाई गैरहजर मांडत्यात. दहावीचं वर्ष. असंच चाललं तर परीक्षेला बसू देतील का न्हाई, म्हणून अशोक बूट न काढताच ओरडाय लागला. "आई, तू तरी समजाव की हिला!" ल्योक माझा शिकलेला, मी चौथीतनं उठवलेली. मी काय समजावू.
सूनबाईला गौ.च्या गादीखाली पुस्तक सापडलं. काळं, जाडजूड, भुताचं. "ह्यानंच डोकं फिरलंय तिचं. रद्दीत देते." म्हणलं, आण हिकडं, मी देते. दिलं न्हाई. ज्वारीच्या डब्यात ठेवलंय. आत काय हाय ते बघितल्याशिवाय कसं टाकायचं. घरात काय शिरलंय ते कळाय पायजे की.

२१, शुक्रवार
दुपारी घरात कोण न्हाई. पुस्तक काढलं. वरचं नाव वाचाय येईना. वाटलं, गेले डोळे, ऑपरेशन करूनबी गेले. मग सूनबाईच्या आरशापुढं धरलं तर नीट दिसलं. मुद्दाम उलटं छापलंय. असलं नाव मी हितं लिहीत न्हाई.
आत पहिल्या पानावर शाईनं "दिपाली". म्हंजे पुस्तक गौ.चं न्हाईच. दिपाली तिची मैत्रीण, पलीकडच्या गल्लीतली. एका बाकावर बसायच्या दोघी. आमच्याकडं आली की शेंगाची चटणी नुसतीच चाटून खायची, वर मलाच म्हणायची, "आज्जी, तिखट कमी पडलंय." तुळशीचं लग्न झालं आन् आठ दिवसांत हिचंबी लावून टाकलं. केमकडं कुठल्या खेड्यात. सोळा पूर्ण न्हाईत.
गौ. रडत होती तवा मी म्हणलं होतं, लग्न झालंय, मेली न्हाई.

२३, रविवार
बोट ठेवून वाचते. पुस्तक मला अरेतुरे करतं. "तू दार ढकललंस. तू आत आलीस." मी कशाला येऊ बाबा तुझ्या घरात, गुडघे दुखत्यात माझे. मग कळलं, इरा नावाच्या पोरीला बोलतंय. बोलणारं कोण, ते सांगितलं न्हाई.
इरा एका घरात शिरती. दार उघडून बाहेर पडती तर परत त्याच घरात. वर जाणारा जिना खालच्या खोलीत निघतो. आमच्या सोसायटीच्या बिल्डरनं बांधलं असणार.
काही पानांवर एकच ओळ. दोन पानं नुसती काळी.
तेवढ्यात नळाला पाणी आलं. राहिलं.

२५, मंगळवार
गौ.नं पकडलं. शाळेतनं लवकर आली, मी पलंगावर पाय पसरून पुस्तकात. तशीच दारात उभी.
म्हणलं, रद्दीत न्हाई टाकलं. वाचू दे मला, मग घे.
"कुठपर्यंत आलीस?"
"जिना."
"मग तुला अजून काहीच माहीत नाही." असं म्हणून गेली. पण गेली ती दार आपटून न्हाई.
आई-बापाला सांगू नको म्हणलं. हसल्यासारखं केलं. का मलाच वाटलं.

२८, शुक्रवार
आता उलगडाय लागलं. बोलणारं ते घरच हाय. भूक लागली की ते आतल्या माणसाला त्याच्या माणसांच्या आवाजात हाक मारतं. आईच्या, बापाच्या. ओ दिली की संपलं, तुमचा आवाज घराचा झाला. खूण एकच. घराला हाक एकदाच मारता येती. खरं माणूस परत मारतं. म्हणून इरा पहिल्या हाकेला ओठ मिटून बसती.
ह्यात मला नवीन काय न्हाई. अक्कलकोटकडं माझ्या मावशीच्या दारावर खडूनं कानडीत लिहिलेलं असायचं, उद्या ये. रातची हाका मारत फिरणारी भुताची बाई ते वाचून माघारी जाती म्हणायचे. मावशी पहिल्या हाकेला आमाला हूं की चूं करू द्यायची न्हाई. ती खोड अजून हाय मला. बाहेरनं कोण हाक मारली की दुसरीची वाट बघते. दूधवाला वैतागतो.
मग गौ.नं हेच धरलंय का? पण मी तर तिला तीन-तीनदा मारते. तीन मारल्यावर तरी मी घर न्हाई हे कळाय पायजे.

२ डिसेंबर, मंगळवार
दुसरा भाग संपला, पान उलटलं तर परत "भाग दुसरा". वाचला. पहिल्यासारखाच, पण खिडकीची बाजू बदललेली. डोकं धरून बसले. वर छापणारा चुकलाय. हितवर "तू आलीस, तू बसलीस" चाललं होतं, आता "तू आलास, तू बसलास". पोरीला आलास? ह्यांना पगार कशाचा देत्यात?
गौ. पाण्याची बाटली भरत होती, तिला दाखवलं.
"चूक नाही ती, आज्जी. घर आता इराशी बोलत नाहीये."
"मग कुणाशी?"
"तिच्या भावाशी. तो शोधायला आलाय तिला."
"आन् इरा कुटं गेली?"
"ते पुस्तकात नाही."
"पोरगी कुटं गेली ते न सांगता पुस्तक छापत्यात?"
बाटली वरनं वाहाय लागली तरी नळ बंद केला न्हाई तिनं. मी केला. मला म्हणाली, "दिपाली कुठं गेली ते तरी कुणी सांगितलं?"
अंगावर काटा आला. पुस्तकाचा न्हाई.

५ डिसेंबर, शुक्रवार
आज बोलली. माझ्याकडं न बघता, मेथी निवडत.
दोघींचं भांडण झालं होतं ह्याच पुस्तकावरनं. शेवटी इराच्या भावाला हाक येती. दिपाली म्हणली, ओ द्यायला पायजे, ती खरंच इरा असली तर? गौ. म्हणली, न्हाई द्यायची, तोच तर सापळा. वाढता वाढता बोलणं बंद. पोरींची भांडणं, दोन दिवसांत मिटली असती. तेवढ्यात एका दुपारी दिपालीचा फोन आला. हिनं उचलला न्हाई, रुसून. परत वाजला. परत. परत. मग बंद. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं, दिपालीला गावाला नेलं, हळद लागली.
"चार वेळा, आज्जी. घर एकदाच मारतं. ती चार वेळा मारत होती."
हिनं बापाला सांगितलं होतं त्याच दिवशी, पप्पा काहीतरी करा, अजून लागलं नाही लग्न. अशोक म्हणला, अभ्यास कर.
"तिला कुणी ओ दिली का? मी नाही दिली, पप्पांनी नाही दिली. मग मी का देऊ कुणाला?"
मेथीत मातीच लई होती. धुत बसले.

६, शनिवार
अशोकला गाठलं. म्हणलं, केमला जाऊन ये. बघून तर ये पोरगी कशी हाय.
"आई, लग्न लागून गेलं आता. तिच्या बापानं लावलं. आपण कोण?"
सूनबाई म्हणाली, गुन्हा आहे हो तो, कायद्यानं. मग लगेच, पण उद्या ते लोक आपल्या दारात येऊन बसतील.
म्हणलं, गुन्हा हाय तर सांगा की कुणाला तरी.
अशोकनं टीव्ही बारीक केला. "तुझं कितव्या वर्षी झालं, आई?"
"चौदाव्या."
"मग? काय झालं तुला?"
ह्या तोंडाला आजवर उत्तर कमी पडलं न्हाई. सासूला दिलं, चाळीतल्या बायकांना दिलं, ह्याच्या बापाला रोज दिलं. आज तवा तापला होता, उठले.

९, मंगळवार
मीच गेले दिपालीच्या घरी. केम लांब, पलीकडची गल्ली तर लांब न्हाई. तिची आई दारातच उभी. आत या म्हणली न्हाई.
"बरी आहे ती, आज्जी. खुशाल आहे."
"फोन लावून दे. माझी नात बोलंल दोन शब्द."
"फोन नाही तिच्याकडं. सासरचे देत नाहीत."
"मग खुशाल हाय ते कुणी सांगितलं तुला?"
मागं तीन पोरी उभ्या, उतरत्या उंचीच्या. एकीच्या अंगात दिपालीचाच शाळेचा ड्रेस, बाह्या दुमडलेल्या.
"चार पोरी आहेत मला. तुम्ही एकीचंच विचारायला आलात."
परत येताना जिन्यावर तीनदा बसले. वरच्यांनी विचारलं, आज्जी दम लागला का. व्हय म्हणलं.

१०, बुधवार
गौ.ला खरं ते सांगितलं. गेले होते, काय करता आलं न्हाई.
"निदान गेलीस तू." दार लोटलं. आतनं कडी लावली. आजवर कडी लावत नव्हती.
शाळेची चिठ्ठी आली, पालकांनी येऊन भेटा. अशोक म्हणतो सोमवारी जातो. जाऊन काय सांगणार हाय, कुणास ठाऊक.

१३, शनिवार
पुस्तक संपलं. संपलं म्हंजे थांबलं. भाऊ जिन्यावर उभा. इराच्या आवाजात हाक येती, "दादा." तो दुसऱ्या हाकेची वाट बघतो. पान उलटलं तर कोरं. त्याच्या पुढचं कोरं. शेवटच्यावर खाली बारीक अक्षरात एकच ओळ, "तू आहेस ना तिथं?"
आता हे कुणाला? भावाला का मला? आलीस न्हाई, आलास न्हाई, कायच कळाय जागा ठेवली न्हाई.
दिपालीनं त्या ओळीखाली पेन्शिलीनं रेघ मारलीय. दोनदा, दाबून.
दाराबाहेरनं गौ.ला विचारलं, हाक परत आली का न्हाई त्याला?

१४, रविवार
अशोक आन् सूनबाई वैरागला बारशाला गेलेत. मी चटणीला शेंगदाणे भाजत होते.
"आज्जी."
खोलीतनं. तिचाच आवाज, जरा घोगरा, वापरात नसल्यासारखा.
मी ओ दिली न्हाई.
मुद्दाम न्हाई. ओठच मिटले. हातात उलथनं तसंच. दुसरीची वाट बघत उभी राहिले. गॅस बारीक कराय पायजे होता, तोबी केला न्हाई. दाणे करपले. दुसरी आली न्हाई.
मग दाराशी जाऊन ओ दिली. लई दिल्या. "गौरे, ओ. ओ म्हणते मी, ऐक की." कडी आतनं. काय पायजे होतं, पाणी का, पोटात दुखत होतं का, का नुसतंच हाय का बघत होती. "बोल की गं, काय म्हणत होतीस?"
पुस्तक खोटं हाय. खरं माणूसबी कधीकधी एकदाच मारतं.
अशोकला फोन केला, लागंना. गुडघे वाकवून दाराला पाठ लावून बसले. पुस्तक उघडलं आन् पहिल्यापासनं मोठ्यानं वाचाय लागले. "तू दार ढकललंस. तू आत आलास." मुद्दाम चुकीचं वाचलं. म्हणलं, आता तरी आतनं सुधारंल.
परत वाचलं, "आलास."
दाराखालच्या फटीतनं माझ्या बाजूला फरशीवर पडलेला उजेड मधीच अडला. पाय असतील. न्हाईतर बाहेर ढग आला असंल. मान वाकत न्हाई, फटीतनं आत बघता आलं न्हाई.
हे हितंच बसून लिहिते, मांडीवर वही. घरभर करपल्याचा वास. उजेड अजून अडलेलाच हाय.
आता पहिल्या हाकेला ओ देणार. कुणीबी मारू दे. घर मारू दे न्हाईतर कोण.