एकसष्ट हजार अनोळखी फाइली

६ जून

चि. भोंग्यास ताईचे अ. उ. आ.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू हो ताई, बघतो ताई म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून लेखी.

तुझ्या कंपनीनं आमच्या रेडिएशन विभागाच्या जुन्या फाइली नव्या यंत्रणेत हलवल्या. अहवालात 'शंभर टक्के सुरक्षित' आणि खाली तुझी झोकदार सही. मी आपलं बारा जुन्या पेशंटांचं सगळं परत मागून पाहिलं. सीटीची चित्रं आली, अगदी लख्ख. पण त्यांवर डॉक्टरांनी आखलेल्या रेषा नाहीत, आणि डोस तर एकाचाही नाही. गाठ कुठे होती ते चित्रात दिसतं. शरीराच्या कुठल्या भागाला किती किरण बसले, ते डोसच्या फाइलीत असतं. ते आखण्यात माझी एकोणीस वर्षं गेली. चाळीस स्लाइडी दाखवणाऱ्या माणसाला एवढंही ठाऊक नसावं?

आई बरी आहे. फोटोतला तुझा टाय बघून, श्वास नीट घेता येतो ना, असं विचारत होती.

माया आहेच, थोडी अक्कलही असावी, ही विनंती.
ताई

११ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, म्हणजे डोक्यात हाणलंस. अगं, तू दहावीतल्या पेनांच्या रिकाम्या रिफिलीसुद्धा टाकत नाहीस, तुला फाइली कमी झाल्याचं दुःख होणारच. आमच्या यंत्रणेला जो प्रकार ओळखू येत नाही, तो ती 'अनोळखी' म्हणून बाजूला ठेवते. तसं करायला तुमच्या अधीक्षकांनी लेखी संमती दिलीय. पुष्पगुच्छही दिला. नऊ-दहा वर्षांपूर्वीचा डोस बघायला येतंय कोण? तू सोडून?

साहेब म्हणाले, तुझी बहीण फार किरकिरी आहे. मी म्हटलं, मला जन्मापासून माहीत आहे.

आईला सांग, टाय इलॅस्टिकचा आहे. राग ओसरला की लोभ असू दे.
भोंगा

१८ जून

चि. भोंग्यास अ. उ. आ.

बघायला कोण येतंय, विचारलंस ना? आली.

एक शाळामास्तरीण. नऊ वर्षांपूर्वी छातीला रेडिएशन इथेच घेतलं. आता मणक्यात गाठ, पायांना मुंग्या. मज्जारज्जू जुना डोस विसरत नाही. आता जास्त दिला तर आम्हीच तिचे पाय घालवणार, कमी दिला तर गाठ घालवणार. डॉक्टरांनी मला आधीचा डोस विचारला. मी तुझी शंभर टक्के सुरक्षित यंत्रणा उघडली. कोरी! कागदी केसपेपरवर एकूण आकडा आहे, मज्जारज्जूला त्यातलं किती बसलं ते नाही. बाईंना खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, फळा पुसण्याआधी मुलांनी उतरवून घेतलं का, हे मी रोज बघते. तुमच्याकडे हे बघायला कुणीच नव्हतं का? मी मान खाली घातली. तुझ्या वाटणीचीही.

मूळ फाइली ज्या डिस्कांवर होत्या, ती आमची जुनी पेटी तुम्ही चिरडून टाकायला नेलीत. चिरडली का? डॉक्टर सोमवारपर्यंत थांबतील, बाईंचे पाय थांबतील की नाही सांगता येत नाही. मी तुझ्याकडे बहीण म्हणून मागत नाहीये. हे तुझं काम आहे.

ताई

२० जून, टेम्पोवाल्याच्या हाती

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबत पेटी. चार माणसं लावून उतरव, आपटू नकोस.

आज दुपारी ती चिरडायची होती. काल साहेबांना विचारलं, तर म्हणाले, पेटी परत दिली म्हणजे चूक कबूल केली, तू हात लावू नकोस. मी बरं म्हणालो. तुझ्यापासून लपवत नाही, बरंच म्हणालो. मग जागेवर येऊन माझाच अहवाल पहिल्यांदा नीट वाचला. चौथ्या पानावर आहे : अनोळखी फाइली, एकसष्ट हजार. तो आकडा मी तेव्हाही पाहिला होता. कचरा असेल म्हणून पुढे गेलो. एकही फाइल उघडून न बघता शंभर टक्के लिहिलं. करारही काल पहिल्यांदाच वाचला. नष्ट करायचं तुमचं पत्र येईपर्यंत पेटी तुमचीच, असं त्यात स्पष्ट आहे. गोदामात माझ्या सहीनं पावती फाडली आणि टेम्पो बोलावला.

साहेबांनी सोमवारपासून येऊ नकोस म्हणून सांगितलंय. आईला एवढ्यात कळू देऊ नकोस. आणि तू काही ऐकवणार असशील तर थोडे दिवस थांब. तेवढी कृपा असावी.

भोंगा

२ जुलै

चि. भोंग्यास अ. उ. आ.

थांबले. आता ऐक.

पेटीतल्या दोन डिस्का मेल्या आहेत, बाकीच्या वाचता आल्या. बाईंचा डोस रविवारी दुपारी सापडला. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा मज्जारज्जूला बराच जास्त बसला होता. अंदाजानं गेलो असतो तर बाई खुर्चीला खिळल्या असत्या. किरण मज्जारज्जूला वळसा घालून सोडले, पाच दिवसांत उपचार आटोपले. काल बाई काठी टेकत स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत गेल्या. जाता जाता आमच्या सूचनाफलकावरचं शुद्धलेखन सुधारून गेल्या.

शाबासकी मात्र मागू नकोस. मेलेल्या डिस्कांवर अडतीस पेशंटांचे डोस होते, ते कायमचे गेले. अधीक्षक म्हणतात, गप्प राहा, कुणी विचारलं तर बघू. पुष्पगुच्छ देताना मात्र गप्प राहवलं नव्हतं त्यांना! मी म्हटलं, त्या अडतीस जणांना कळवायलाच हवं, म्हणजे पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेले तरी आधीच सांगतील. अधीक्षकांनी विचारलं, सही कोण करणार? मी करणार. रविवारी ये. पाकिटं चिकटवायला तरी उपयोगी पडशील.

आईला सगळं माहीत आहे. तुझी खोली झाडून ठेवलीय.

ताई

५ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

येतो. मजकूर मीच लिहिलाय :

"तुमच्या उपचारातल्या डोसची नोंद रुग्णालयाकडे होती. ती हलवण्याचं काम माझ्याकडे होतं. मी न तपासता ती सुरक्षित असल्याचं लिहून दिलं. ती आता नाही. पुन्हा कधी रेडिएशनची वेळ आली, तर डॉक्टरांना हे पत्र आधी दाखवा."

यात 'दुर्दैवाने' घालू नकोस, मी खोडेन. रुग्णालयातर्फे तू सही कर, पण माझ्या खाली. खाली माझा फोन नंबरही दिलाय. लोक शिव्या घालतील, त्या मीच ऐकेन.

भोंगा