मला माझं माप माहीत आहे

३ मार्च, मंगळवार

आजही शेवटची! बाकीच्यांचं अंग पुसून, कपडे बदलून, चहा पिऊन झालं तेव्हा कुठे मी काठाला लागले. प्रशिक्षकांना सगळे ‘शिट्टी’ म्हणतात — ती गळ्यात कमी आणि तोंडात जास्त असते म्हणून. ते घड्याळाकडे बघून नुसतं "हं" म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आधी तळ्यात लांब पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सगळं एकाच दिवशी, मध्ये बसायचं नाही — अशी ही ट्रायथलॉन. सायकल जमते. धावणंही रखडत का होईना जमतं. आणि पोहणं, जे मला लहानपणापासून येतं, तेच नडतंय!

"चरबी तरंगते मॅडम, हाडं बुडतात," असं शिट्टी मागे म्हणाले होते. म्हणजे काय, मी बारीक झाले हीच चूक झाली? जाडी होते तेव्हा पाण्यात बुचासारखी असायचे. ताई आणि मी उताण्या पडून तासन्‌तास गप्पा मारायचो. बाहेर आलं की लोक बघायचे. पाण्यात फक्त दोन डोकी दिसायची. दोन डोक्यांना कोण हसणार?

आता निम्मी झालेय. अक्षरशः निम्मी — आमच्या वजनमापे खात्यात अंदाजानं बोलायची पद्धत नाही. आणि पाय सरळ तळाकडे निघतात.

५ मार्च, गुरुवार

गुडघा सुजलाय. बर्फ लावला. चिडचिड.

८ मार्च, रविवार

ताईला म्हटलं, चल ना एकदा तळ्यावर. पाणी गार असतं, पण सगळेच अंगभर रबरी वेटसूट घालतात. मानेपासून घोट्यापर्यंत सगळं झाकलं जातं.

"मी? आणि घालू काय, तंबू?"

हसत म्हणाली, पण विषय तिथेच मिटवला. मग रात्री जेवताना अचानक — "माझ्या ताटाकडे बघू नकोस."

"मी कुठे बघत्येय?"

"बघत्येस. पूर्वी नाही बघायचीस."

भांडी घासताना तिच्याशी मनातल्या मनात खूप भांडले. पुरावे दिले. आणि आता लिहिताना विचार करते, तर — बघत होते. तिनं दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा बघत होते. वाईट नजरेनं नाही, सवयीनं. पण काटा वाईट नजरेनं थोडाच बघतो? तरी पलीकडे उभ्या असलेल्याला घाम फुटतोच.

एका घरात दोघी बहिणी. दोघींचं लग्न झालं नाही, त्याची कारणं लोकांनी आमच्याकडे बघूनच ठरवली. मी दोघींतली जास्त जाडी, म्हणून ताई मला नेहमी रस्त्याच्या आतल्या बाजूला ठेवायची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी ती दिसे. आता मी रस्त्यानं पुढे जाते. माझी चाल वाढलीय, मी काय करू? मागे वळून बघते तर ती लांब, कुठल्यातरी दुकानापाशी उगाच थांबलेली.

११ मार्च, बुधवार

बाजारात तपासणी. धान्यवाला पूर्वी म्हणायचा, "मॅडम, तुम्हीच उभ्या राहा काट्यावर, खरा-खोटा लगेच कळेल!" आणि शेजारचे दोन दुकानदार खिदळायचे. आज आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, बऱ्या आहात ना? कुठल्या चांगल्या डॉक्टरला दाखवलंत का?"

याच्या काट्यात खोट निघावी असं फार वाटलं. नाही निघाली. शिक्का मारून दिला.

जाडी होते तेव्हा थट्टा, बारीक झाले तर आजारी. स्पर्धेत का उतरायचंय, असं ऑफिसात सगळे विचारतात. आता तर हवी तेवढी बारीक झालीस की! पण तेच तर. इतकी वर्षं या शरीराकडून फक्त एकच मागितलं — कमी हो. झालं बिचारं कमी. आता त्यानं काहीतरी करून दाखवावं. नुसतं नसण्याचं कसलं कौतुक?

१४ मार्च, शनिवार

उद्या चाचणी. मधल्या पिवळ्या तरंगत्या फुग्याला वळसा घालून वेळेत परत यायचं. नाही आलं तर शिट्टी स्पर्धेसाठी नाव पाठवत नाहीत. "पाण्यातून माणूस काढायची जबाबदारी माझी असते," म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

झोप येईल असं वाटत नाही.

१५ मार्च, रविवार

होडीत ओढून घेतलं मला. सगळ्यांसमोर! फुग्यापर्यंतही पोचले नाही. हात उचलेचना. खांद्यात शिसं ओतल्यासारखं.

पण खरी शोभा पुढेच. शिट्टींनी आणि होडीवाल्यानं मला दंडाला धरून वर घेतलं, तर बाह्यांतून, घोट्यांतून, गळ्यातून धो धो पाणी! होडीत तळं झालं. होडीवाला पाय वर घेऊन बसला. शिट्टींनी पोटावरचं रबर चिमटीत धरलं आणि ओढलं — आलं की हातभर!

"मॅडम, हा सूट कुणाचा?"

"माझा."

"कुठल्या जन्मातला?"

यंदाच घेतलाय हो. नवा कोरा. वेटसूट कातडीसारखा चिकटून बसायला हवा, आत पाणी शिरता कामा नये, हे त्यांनी मला होडीत, ओल्या घोंगडीत गुंडाळलेली असताना समजावलं. म्हणजे मी इतके दिवस पाण्यातून पाणी ओढत होते. बादल्याच्या बादल्या.

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"आता बाईमाणसाला कसं म्हणायचं, की तुमचं... ढगळ दिसतंय?" शिट्टी चक्क लाजले.

वळ्या मलाही दिसत होत्या. पण मला वाटलं, त्या माझ्याच आहेत! पोटाची, दंडांची कातडी आता लोंबतेच, आत काही उरलं नाही तिच्या. सूटखाली तीच गोळा होते असं मी धरून चालले. अंगावर सगळंच सैल, त्यात रबर कुठलं आणि मी कुठली, हे कोण बघतंय!

सूट घ्यायला दुकानात शिरले होते, आणि सवयीनं थेट शेवटच्या दांडीकडे गेले. माझे कपडे कायम तिथेच असतात. विक्रेती टेप घेऊन मागे आली, तर मी काय म्हणाले? "नको. मला माझं माप माहीत आहे." अख्ख्या शहराचे काटे तपासणारी बाई!

शिट्टींनी आणखी एक संधी दिली आहे. बारा एप्रिल.

१६ मार्च, सोमवार

ताईला सांगितलं. इतकी हसली, इतकी हसली की खुर्ची करकरली. डोळे पुसत म्हणे, "म्हणजे मी सांगत होते तो तंबू तूच घेऊन आलीस!" मग मीही हसले. कित्येक महिन्यांत दोघी एकाच गोष्टीला हसलो नव्हतो.

दुकान सूट परत घेत नाही, वापरलेला आहे. टाकून देते म्हटलं, तर ताई म्हणाली, "राहू दे माळ्यावर. खायला मागतोय का?"

१९ मार्च, गुरुवार

माप दिलं. डोळे मिटून उभी राहिले. विक्रेतीनं आकडा सांगितला. म्हटलं, परत घ्या. परत तोच. म्हटलं, टेप घट्ट ओढली असेल. तिनं तिसऱ्यांदा घेतलं. मी दुकानदारांना तिसरी संधी देत नाही.

नवा सूट पहिल्या दांडीवरचा. घालताना गुदमरल्यासारखं होतं. आरशात बघितलं — कोण ही पाप्याचं पितर! ओळख पटायला वेळ लागला.

२९ मार्च, रविवार

बरं पोहले. पाय अजून खालीच जातात. पण हात चालतात.

घरी येऊन ताईला भराभरा सगळं सांगितलं. ती फोनवर होती. पाणीपुरवठ्याचं तक्रार केंद्र ती घरूनच सांभाळते, लोक दिवसभर तिला आपापले नळ ऐकवतात. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पाण्यावर उताणं पडून बघितलंस का? अजून येतं का तसं?"

नाही बघितलं. सुचलंच नाही. पाण्यात आता मला फक्त पुढे जायचं असतं.

१२ एप्रिल, रविवार

नाही जमलं.

फुग्याला वळसा घातला. परतही आले, स्वतःच्या हातांनी. पण वेळ टळून गेली होती. थोडक्यात नाही, चांगलीच. शिट्टींनी पाठीवर हात ठेवला. "पुढच्या वर्षी, मॅडम." मी त्यांचा हात झटकला. नको होतं तसं करायला.

या वेळी दोष द्यायला सूटही नव्हता. तो अगदी मापात होता. सूटमध्ये होते ती मीच.

घरी आले. ताईनं विचारलं नाही, तोंडावरून कळलं असणार. माझ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः दुसरीकडे बघत बसली. माझ्या ताटाकडे मुद्दाम न बघता! दोनदा भात घेतला मी.

१४ एप्रिल, मंगळवार

गेले नाही. पहाटेचा गजरच काढून टाकला. नवा सूट विकायला ठेवावा म्हणते.

१७ एप्रिल, शुक्रवार

शिट्टींचा फोन. उचलला नाही. दुपारी पुन्हा आला. तेव्हाही नाही. सायकल जिन्याखाली उभी आहे, आज तिच्यावर कुणीतरी ओलं पायपुसणं वाळत टाकलं होतं. मी काढलंही नाही. इतकं सगळं कशासाठी केलं? खरंच मला त्या शर्यतीत उतरायचं होतं, की नुसतं लोकांनी दुसरं काहीतरी बोलावं एवढंच हवं होतं? माहीत नाही. प्रामाणिकपणे, माहीत नाही.

१९ एप्रिल, रविवार

उशिरा उठले. ताई घरात नव्हती.

आत्ता मोरीत गेले तर दांडीवर सूट टांगलेला, खाली ठिबकतोय. माझा पहिल्या दांडीवरचा नव्हे. तो मोठा.

ताई दारात उभी, टॉवेलनं केस पुसत. ओठ थंडीनं निळे. म्हणाली, "तुझा तो शिट्टीवाला विचारत होता, धाकटी कुठाय म्हणून. काय सांगू?"