पाण्याचा लोटा

ऊर्जानगर, १६ मार्च १९८६

सौ. राजक्काले देवरावचा आशीर्वाद, पोरीले गोड पापा.

मी बरा आहो. जेवण टायमावर होते, काळजी करू नको.

तुझा भाऊ मल्लेश सिरोंच्याले पोचला असंल. काम काऊन सुटलं, ते त्यानं सांगतलं नसंल. मी सांगतो.

इथी युनियनचे वामनरावभाऊ बुद्धविहारात कायदा वाचून दाखवते. म्हणते, कंत्राटी मजूर कुठचाबी असो, साऱ्यायले पक्कं करा. मले तिथी झोप येत होती. दुसरा नेता ट्रकवर उभा राहून एकच बोले, बाहेरच्यायले हाकला, काम आपोआप भेटते. ते मले लवकर समजलं. मीबी ओरडलो.

मंगळवारी आमी पावर हाऊसच्या गेटवर एकेकाले पाण्याचा लोटा दाखवून पुसलं, "हे काय होय?" मराठीत सांगंल तो आपला. मल्लेश घाबरला आन तुमच्या तेलुगूत "नीळ्ळू" म्हणून बसला. त्याले ढकलून बाहेर काढलं. लोटा माझ्याच हातात होता. हा माझा साळा आहे, एवढंबी माझ्या तोंडून निंगालं नाई.

वामनरावभाऊच्या पक्कं करायच्या यादीत त्याचं नाव अजून आहे.

आपली पोरगी पाणी मांगताना "नीळ्ळू"च म्हणते ना? म्हणू दे. तिले टोकू नको.

तुझा,
देवराव