विखाराच्या डोळ्यांतलं पाणी

पेण, बुधवार, संध्याकाळ

गावं मारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी काढा म्हणतात, लाज कशी वाटत नाय. रोह्याच्या मंडळाला यंदा देखाव्यात गणपतीच्या पायाखाली तो गोष्टीतला राक्षस, विखार, पायजे, आणि तोही सिनेमातला, रडका. माझ्या लेकाने, सुरेशने, ऑर्डर घेतली. आमच्या मूर्तींच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी माझी, म्हणून ते पाणी माझ्या माथी.

विखार मला ठाऊक हाय. सुरेश लहान होता तेव्हा चित्रांच्या पुस्तकात होता. किडके दात, विहिरीत विष कालवणारा. पुढे टीव्हीवर आला तो नुसता बावळट, आपटायचा नि पोरं हसायची. आता सिनेमात गोरा, पिळदार झालाय, नि रडतो. का, तर लहानपणी आई मेली.

नात म्हणते, "आजी, त्याची पण बाजू असंल ना?"

"विहिरीचं पाणी पिऊन माणसं मेली त्यांची बाजू कुठल्या सिनेमात हाय गो?"



आई तर माझीही गेली, मी पाळण्यात असताना. मी कुणाच्या विहिरीत काय टाकलं? शिसारी येते असल्या रडण्याची. आणि देवापुढे हात जोडलेल्या पोरांनी कुणाकडे बघायचं, देवाकडे की या रडक्याकडे?

आज डोळे काढले. पुस्तकातले काढले, कोरडे. मूर्ती परत आली तरी पाणी काढणार नाय.

उद्या मंडळाचा फोन येईल, पाणी काढलं का म्हणून. सुनेने उचलायचा नाय, नातीनेही नाय. ऑर्डर सुरेशने घेतली, उत्तर सुरेशनेच द्यायचं.