नऊ वाजून दहा मिनिटांनी बंद होणारं दार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग घालायची फार इच्छा आहे, पण कंबर परवानगी देत नाही, तेव्हा उभ्याउभ्या जोडलेले हात गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींना डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केली आहे आणि ते गच्चीवरच्या कुंड्यांना आता खालूनच सूचना देतात असं कळलं. इकडे तुझी भावजय बरी आहे, मुलं बरी आहेत, मीही बराच म्हणायचा. हे सगळं फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला थांबवतेस, आणि या वेळी मला शेवटपर्यंत बोलायचं आहे. पत्र मध्येच तोडता येत नाही (फाडता येतं, पण निदान वाचून झाल्यावर फाड).

पंपघरात मला बावीस वर्षं झाली, त्यातली नऊ फोरमन म्हणून, हे तुला माहीत आहे. आमचे साहेब दोन वर्षांनी निवृत्त होतील. त्यांच्या खुर्चीला इंजिनिअरिंगची पदवी लागते, आणि माझ्याकडे नुसता डिप्लोमा. पदवी मिळवली नाही तर उद्या कुणी कालपरवा मिसरूड फुटलेला साहेब येईल आणि व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा ते मला शिकवेल. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात नाव घातलं. पहिल्याच सत्रात कॅल्क्युलस आला, आणि तो शिकवायला आली आपली बिट्टी. माझ्या सायकलच्या दांडीवर बसून जी शाळेत जायची, तिच्यासमोर मी तिसऱ्या बाकावर रोल नंबर एकसष्ट होऊन बसलो. पहिल्या दिवशी तिने हजेरी घेतली, माझ्या नंबरावर क्षणभर थांबली, आणि मान वर न करता पुढे गेली. तास संपल्यावर मात्र ती थेट विभागप्रमुखांकडे गेली आणि 'हा विद्यार्थी माझा सख्खा मामा आहे, याचे पेपर दुसऱ्या कुणी तपासावेत' असं लेखी देऊन आली. तेव्हा मला वाटलं होतं, पोरगी जरा जास्तच करते.

त्याच तासाला तिने आम्हाला नियमावली वाटली. नऊ पानं, दोन्ही बाजूंनी छापलेली. एवढे नियम आमच्या पाणीखात्यातही नाहीत, आणि आम्ही अख्ख्या गावाला पाणी पाजतो. पहिल्याच पानावर होतं की या विषयाचा घरी आठवड्याला बारा तास अभ्यास अपेक्षित आहे (तुझ्या भावजयीने ते वाचून मला विचारलं की हे बारा तास माझ्या झोपेतून जाणार की तिच्या, आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली). गृहपाठ मंगळवारी, एक मिनिटही उशीर चालणार नाही. चर्चा कुणाशीही करा, लिहा मात्र स्वतःचं स्वतः. ईमेल पाठवाल तर विषयाच्या जागी रोल नंबर हवा. मी पहिली ईमेल 'चि. बिट्टीस अनेक आशीर्वाद' अशी सुरू केली होती. तिचं उत्तर आलं, 'कृपया रोल नंबर लिहून पुन्हा पाठवा.' मी पुन्हा पाठवली, या वेळी आशीर्वाद वगळून.

सहाव्या पानावर खरी ग्यानबाची मेख होती. तिथे एक छोटी चाचणी होती. दहा डेरिव्हेटिव्ह, अर्धा तास, कॅल्क्युलेटर नाही. दहापैकी नऊ बरोबर आले तर पास. अर्धे मार्क नाहीत, रीतीचे मार्क नाहीत, सद्हेतूचे तर नाहीतच. अशा तीन संधी. तिन्ही गेल्या की अख्ख्या विषयात नापास, मग बाकीच्या परीक्षांत कितीही मार्क असोत. मी बिट्टीला वर्गातच विचारलं की हे जरा कडक नाही का होत. ती सगळ्या वर्गाला म्हणाली की उद्या तुम्ही पूल बांधाल तेव्हा तो ऐंशी टक्के उभा राहून चालत नाही. मुलं हसली. मी हसलो नाही, कारण माझा पंप बावीस वर्षं साठ टक्क्यांवरच चालला आहे.

पहिल्या संधीत मला पाच मिळाले. दुसरीत आठ. कोसाइनचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की मागे उणे चिन्ह येतं, ते मी विसरलो. एक आडवी रेघ, ताई, नखाएवढी. पेपर तपासणारे दुसऱ्या तुकडीचे सर होते, त्यांनी त्या रिकाम्या जागेभोवती लाल गोल काढून ठेवला होता. पुढचे पंधरा दिवस माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. पंपघरात मीटरच्या नोंदी लिहिताना मी समासात डेरिव्हेटिव्ह सोडवू लागलो. माझा धाकटा त्याचा नववीचा अभ्यास करायचा आणि मी समोर बसून माझा. मी अडलो की तो नजर चुकवायचा. घरात पोरांनी बापाची कीव करायला लागणं फार वाईट असतं.

तिसरी संधी गुरुवारी सकाळी नऊला होती. दार नऊ वाजून दहा मिनिटांनी बंद होणार, हेही नियमावलीत. त्या दिवशी पहाटेच पंपघरातून निरोप आला की दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग तापलंय. मी गेलो. ड्यूटीवरचा ऑपरेटर बादलीने पाणी ओतत होता, ते आधी थांबवलं. पंप बंद केला, राखीव पंप सुरू करायला गेलो तर त्याचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला. दोघांनी पाइपची दांडी लावून जोर केला तेव्हा कुठे तो हलला. एवढं झाल्यावर मी कपडे बदलले आणि निघालो. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा नऊ वाजून तेरा मिनिटं झाली होती आणि दार बंद होतं. काचेतून पंधरावीस खाली घातलेल्या माना दिसत होत्या. मी टकटक केलं. बिट्टी आली, तिने दार हातभर उघडलं. मला दम लागला होता. मी म्हटलं, बिट्टी, पंप बिघडला होता.

"दार बंद झालंय," ती हळू म्हणाली. "तुम्ही सातवं पान वाचा."

तुम्ही, ताई. आणि दार लागलं. मागच्या बाकावरचा एक पोरगा वळून बघत होता, त्यानेही शरमून मान खाली घातली.

तिथल्याच व्हरांड्यातून मी तुला फोन केला. काय बोललो ते तुला पाठ असेल. तुझ्या लेकीने वर्गभर पोरांसमोर मला दारातून परत पाठवलं, असंच बोललो. त्यानंतर तू तिला फोन करून काय सुनावलंस ते मला भाऊजींकडून कळलं, आणि आज तीन आठवडे तू तिचा फोन उचलत नाहीस हेही कळलं.

सातव्या पानावर काय होतं ते सांगतो. ध्यानीमनी नसताना अडचण आली तर कामाच्या ठिकाणचं पत्र दोन दिवसांत विभागात द्यायचं. निर्णय तिघांची समिती घेणार, शिकवणारी व्यक्ती नाही. म्हणजे तिने दार उघडलं असतं तरी त्या घटकेला तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि वाट कुठून आहे ते तिने दाखवलं होतं. साहेबांनी मला सांगितलं, हवं ते टाइप करून आण, सही करतो. मी टाइप केलं, साहेबांनी न वाचता सही केली. ते पत्र दोन दिवस माझ्या खिशात होतं. दुसऱ्या दिवशी विभागाच्या खिडकीपर्यंत गेलोसुद्धा. आतल्या बाईंनी हात पुढे केला. मी त्यांना विचारलं, पुढच्या सत्राचे अर्ज कधी निघतात, आणि परत आलो. नियम ते नियम, असं मी घरी सांगितलं.

निकाल लागला. गृहपाठात चौऱ्याऐंशी टक्के, विषयात नापास. पुढच्या सत्रात पुन्हा तोच विषय, पुन्हा तीच नऊ पानं. साहेबांची खुर्ची अजून रिकामी झालेली नाही, तेव्हा जीव टांगणीला लागला आहे, तुटलेला नाही. भाऊजींना नमस्कार, कुंड्यांना पाणी.

तुझा धाकटा

ता. क. : बिट्टीला फोन कर. येत्या शुक्रवारी तिची कायम नोकरीसाठी मुलाखत आहे. आजवरच्या प्रत्येक परीक्षेआधी ती तुझ्याशी बोलून गेली आहे. या पत्रात एवढं एकच मागणं आहे, बाकीची पानं ते मागायचा धीर यावा म्हणून लिहिली.

आणखी ता. क. : पंपाचं काम सव्वासातला संपलं होतं. आठ वाजता मी कॉलेजच्या आवारात होतो. समोरच्या कठड्यावर वही उघडून बसलो आणि मला उठताच येईना. पोरं माझ्या समोरून आत जात होती, घड्याळ दिसत होतं, आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले होते. पुन्हा आठ आले तर, एवढंच डोक्यात होतं. नऊवर दहा मिनिटं उलटून गेल्यावर पाय आपोआप मोकळे झाले. मग मी जिने धावत चढलो, दम लागलेला दिसावा म्हणून. खिशातल्या पत्रात पंपाचं काम नऊपर्यंत चालल्याचं लिहिलं होतं. बावीस वर्षांत मी पंपाच्या नोंदीत खोटा आकडा घातलेला नाही, तो त्या खिडकीत देववेना.

शेवटचं ता. क. : हे सगळं मी परवा रविवारी बिट्टीच्या घरी जाऊन तिला सांगितलं. ती पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून ऐकत होती. तिला आधीच माहीत होतं. पेपर वाटताना तिने मला खिडकीतून कठड्यावर बसलेलं पाहिलं होतं. तिने दार नऊ वाजून दहाला लावलंच नाही, नऊ वाजून बाराला लावलं. "दोन मिनिटं थांबले होते मामा," ती म्हणाली, "त्याहून जास्त थांबता येईना." मी म्हटलं, आज रात्रीच ताईला सगळं खरं सांगतो. तर मला म्हणाली, "नको सांगूस. आईचा माझ्यावरचा राग जाईल कधीतरी. तुझ्यावरचा जाणार नाही."