माजघरातला वास

कोरेगाव, ता. १२ नोव्हेंबर १९४४, रविवार

विहीणबाई आल्या आणि गेल्या. सकाळच्या गाडीने सांगलीहून, दुपारच्या गाडीने परत. जावईबापू बरोबर होते. आमच्या शालनला सातवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा पोरीला कधी आणायचं ते ठरवू म्हणून बोलावलं होतं. बायजाक्काकडून पोळ्या करून घेतल्या.

बाई माजघराच्या दारापर्यंत गेल्या, पदर तोंडाला लावला आणि परत ओसरीवर येऊन बसल्या. मला वाटलं, हिच्या जाण्याची आठवण येऊन डोळे भरले. पोळीला त्यांनी हात लावला नाही, पाणीसुद्धा नको म्हणाल्या. जावई चपला घालता घालता हळूच बोलला, बाळंतपण सांगलीलाच करायचं आईच्या मनात आहे. घरात बाईमाणूस नाही, तुमची ओढाताण होईल.

ओढाताण कसली? पलटणीत अख्ख्या कंपनीचं कोठार सांभाळत होतो. एक बाळंतीण सांभाळता येणार नाही?

पोळ्या मीच खातोय. उद्याही त्याच.

ता. १३

बायजाक्का भांडी घासायला आली, तिच्यापुढे विहीणबाईंचा राग काढला. ती राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "आवं अण्णा, बाईमानसाचं काय घिऊन बसलाय? घरात बोक्याच्या मुताचा वास हाय. पोटुशी पोर आत पाय टाकंल व्हय?"

म्हटलं, मला तर काही येत नाही.

"तुमच्या नाकात तपकिरीबिगर काय जातंय?"

तपकीर मागच्या लढाईत बसऱ्याला असल्यापासूनची. नाक कधी गेलं ते समजलंही नाही, नसलेल्या वस्तूची आठवण कोण ठेवतो. कधीपासून येतोय वास, विचारलं. म्हणाली, वैनी गेल्या तवापास्नं. मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "दुकातल्या मानसाला कसं सांगायचं?"

म्हणून ती परसातच भांडी घासते होय. मला वाटे, उजेडासाठी.

ता. १४

माजघर उघडलं. वैशाखात ही गेली, त्यानंतर मी ओसरीवरच निजतो. आत जावंसं वाटलं नाही. कोपऱ्यातलं कौल सरकलंय, तिथून बोका येत असणार. हिच्या अंथरुणावर त्याच्या अंगाचा खळगा पडलाय. वाकळेवर डाग, भिंतीवर ओघळ, भुईवर डाग. डोळ्यांना दिसलं, नाकाला नाही.

दिवसभर एकच डोक्यात. माझा जुना दोस्त तात्या आषाढापासून बाहेर कट्ट्यावरच बसतो. गुडघा दुखतो, पायरी चढवत नाही म्हणतो. गुरुवारचं भजन आमच्या ओसरीवरून मारुतीच्या देवळात गेलं. मी म्हणत होतो, घरची बाई गेली की माणसं तुटतात. मनातल्या मनात एकेकाला शिव्या दिल्यात. घर खायला उठायचं, तरी कुणाच्या दारात गेलो नाही.

आता कळतंय की वास होता. वाईट वाटायला हवं, पण जरा बरंच वाटलं. वास धुता येतो.

ता. १५

कामाला लागलो. साबण कुठं मिळत नाही, लढाई सुरू आहे. रिठे आणले, भिजत घातले. बायजाक्काची जाऊ मदतीला. माजघराची भुई कुदळीने वरून खरवडली, ती माती गावाबाहेर टाकली. नवी तांबडी माती घालून बडवली, सारवली. भिंतीला चुना.

कपड्यांचा हुकूम दिला: एक चिंधी सोडायची नाही. वाकळा, उशा, दांडीवरचे टॉवेल, माझा लष्करी कोट, हिची ट्रंक, सगळं ओढ्यावर. बायजाक्का म्हणाली, टरंकंत बोका शिरतुया व्हय? म्हटलं, तपासणीच्या दिवशी पेटी उघडून दाखवावी लागते. अर्धवट काम मला चालत नाही.

ओढ्याकाठी झुडपांवर आमचं सगळं घर वाळत पडलं होतं. गावाने बघितलं. बघू दे.

ता. १८

पाठ मोडली. घर मात्र लख्ख झालं. शेवटी सगळीकडे गोमूत्र शिंपडलं, कोपऱ्यांत जरा जास्तच. घर शुद्ध झालं असं वाटलं. ही असती तर म्हणाली असती, चला, एकदा तरी...

तपकीर आजपासून बंद.

ता. २०

बोका परत आला. मी जिथं जिथं गोमूत्र शिंपडलं, नेमका तिथंच मुतून गेला. नव्या सारवणावर, नव्या चुन्यावर. बायजाक्का हसून खाली बसली. म्हणाली, त्येला वाटलं आसंल, कोन नवा गडी घरात शिरलाय.

मला हसू आलं नाही. सगळं पुन्हा. या खेपेला गोमूत्र नाही, नुसतं कढत पाणी, लिंबाच्या साली, राख आणि ऊन. कौल बसवून घेतलं, फटीत बाभळीचे काटे कोंबले.

ता. २२

संध्याकाळी बोका कौलांवर बसून ओरडत होता. काटा लागला असेल. काठी घेऊन बाहेर आलो आणि तसाच उभा राहिलो. वैशाखापासून या घरात रोज आत येणारा तो एकटाच. काठी ठेवून दिली. कौल काही काढलं नाही.

ता. २६

अडचण अशी की वास गेला की नाही, हे मला कळणार नाही. तपकीर सोडूनही नाक मेलेलंच आहे. बायजाक्कावर भरवसा नाही, ती मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. तात्याला कट्ट्यावरून हाताला धरून आत आणलं. पायरी टुणकन चढला. गुडघ्याबद्दल मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही.

त्याला कोपऱ्याकोपऱ्यात वाकवलं. वाकळा हुंगायला लावल्या, कोट हुंगायला लावला. शेवटी म्हणाला, "न्हाई रं गड्या, आता कायबी न्हाई. चुन्याचा येतुया." मग कोट परत देत, "मी सांगनार व्हतो. लय येळा सांगनार व्हतो."

चहा केला. माजघरात बसून प्यायलो. तात्या दिवेलागणीपर्यंत होता. आज लिहायला फार काही नाही, आणि झोप येतेय.

ता. १ डिसेंबर

विहीणबाईंना कळवलं: घर साफ आहे, सुईण शेजारी आहे, बायजाक्का रात्रंदिवस राहील. एकदा पोरीला पाठवून बघा. खाली हात जोडले. पलटणीतल्या साहेबालाही इतकं कधी लिहिलं नाही.

ता. ९, शनिवार

शालन आली. जावई घेऊन आला. पोर वाळलीय, पोट तेवढं दिसतं. ती दारात थांबली, मी तिच्या नाकाकडे बघत होतो. तिने श्वास घेतला, आत गेली, पदर खांद्यावरच राहिला. पोहे पोटभर खाल्ले.

जावयाने निरोप सांगितला. उद्या संध्याकाळच्या गाडीपर्यंत बघा, शालनला मानवलं तर ठेवा, नाहीतर परत पाठवा. आई तसं म्हणालीय.

शालन माजघरात निजलीय. बायजाक्का तिच्या पायथ्याशी. आज ओसरीवरून आतला कंदील दिसतोय.

ता. १०, रविवार

सकाळ चांगली गेली. शालनने अंगण झाडायला घेतलं, मी झाडू काढून घेतला. जेवण गोड लागलं.

जेवणानंतर तिने हिची ट्रंक उघडली. तळातलं हिरवं लुगडं काढून तोंडाशी धरलं. सोडेना. विचारलं, येतो का गं अजून वास? म्हणाली, कशाचा? बोक्याचा, म्हटलं. तिने मान हलवली. मग लुगडं उलटंपालटं करून बघितलं.

"हे धुतलंत, अण्णा?"

मी अगदी छाती काढून सांगितलं, एकूण एक धुतलं, एक चिंधी सोडली नाही.

"आईच्या अंगावरचं शेवटचं हुतं. मी मुद्दाम न धुता ठेवलं हुतं. आले की हुंगत हुते."

माझ्यापुरता या घराला कसलाच वास नव्हता, ना बोक्याचा ना हिचा. हिचा कसा होता, ते विचारावंसं वाटलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. शालनने लुगडं पुन्हा तोंडाशी धरलं.

"सांगता येत न्हाई, अण्णा," म्हणाली.

ओसरीवर येऊन हे लिहितोय. जावई विचारतोय, टांगा सांगू का? मी म्हटलं, तिलाच विचारा. शालन माजघरात आहे. अजून बाहेर आली नाही.